वाटणीचा दावा: वंशावळीपासून ताब्यापर्यंत

गावाकडच्या जमिनीत आपला हिस्सा आहे, सात-बारावर नाव मात्र थोरल्या भावाचं एकट्याचं. दोन-तीन बैठका झाल्या, मामांनी मध्यस्थी करून पाहिली, तोडगा निघाला नाही. आता कोर्टात गेल्यावाचून गत्यंतर नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात अशी हकीकत सांगणारी चार माणसं सहज भेटतील. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि बेलिफाने ज्यांच्या हातात समन्स ठेवलं आहे त्यांच्यासाठीही. दिवाणी दाव्यांचे प्रकार पुष्कळ. पण वाटणीच्या दाव्यात दिवाणी कोर्टाचे जवळपास सगळे टप्पे आणि जवळपास सगळे फाटे पाहायला मिळतात, म्हणून उदाहरण त्याचंच घेतलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. दावा लांबला की आपण सगळं खापर कोर्टावर फोडतो. कोर्टांवर कामाचा बोजा प्रचंड आहे, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहतात, हे खरंच आहे. पण वाटणीच्या दाव्याचा रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक तारखेची नोंद, सलग वाचला, तर अडलेल्या तारखांमागे पुन्हा पुन्हा तीच कारणं दिसतात: एक वारस सुटला, एक मिळकत सुटली, पत्ता चुकला, कोणी वारलं आणि त्याचे वारस वेळेत लावले नाहीत. यातल्या बऱ्याच गोष्टी पक्षकाराच्या हातातल्या आहेत, आणि त्यातल्याही निम्म्या दावा दाखल होण्याआधी करायच्या आहेत.

पहिलं काम: वंशावळ

वकिलांकडे जाण्याआधी घरी बसून वंशावळ काढा. मिळकत मुळात ज्यांच्या नावावर होती त्या पुरुषापासून किंवा बाईपासून सुरुवात करा आणि प्रत्येकापुढे जन्म, लग्न, मृत्यूची तारीख जमेल तितकी लिहा. मृत्यूच्या तारखेला फार महत्त्व आहे, कारण वारसा त्या दिवशी उघडतो आणि त्या दिवशी कोणता कायदा लागू होता यावर हिस्सा ठरतो.

समजा, वडील २०१२ साली वारले. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. तिसरा मुलगा वडिलांच्या आधीच गेला, त्याची बायको आणि मुलगा पुण्यात राहतात. आता धाकटा मुलगा दावा करायला निघाला आणि प्रतिवादी म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव घातलं, कारण भांडण त्याच्याशीच आहे. हा दावा पहिल्या दिवशीच लंगडा झाला. वाटणीच्या दाव्यात ज्याचा ज्याचा हिस्सा आहे तो प्रत्येक जण आवश्यक पक्षकार असतो. त्याच्याशी भांडण असो वा नसो, तो वादी तरी हवा नाहीतर प्रतिवादी तरी. आई, दोन्ही बहिणी, वहिनी, पुतण्या, सगळे. कोणी सुटलं तर दावा त्या एका मुद्द्यावर फेटाळला जाऊ शकतो. सुधारणा करून नाव नंतर घालता येतं, पण मग नवं समन्स, नवी कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), आणि पुरावा सुरू झाला असेल तर तोही बऱ्याचदा पुन्हा.

सुटणारी माणसं बहुतेक तीच असतात: लग्न होऊन गेलेल्या बहिणी, वारलेल्या भावाची बायको, जमीन आजोबांची असेल तर वारलेल्या आत्याची मुलं. बहिणींबद्दल अजूनही फार गैरसमज आहेत. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत का, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तशी अट नसल्याचं स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री आणि नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमाने झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहतात. तेव्हा ‘बहिणींची लग्नं झाली, त्यांचा काय संबंध’ असं म्हणणाऱ्या चुलत्यांचं ऐकून दावा लिहू नका.

‘बहिणींनी तलाठ्याकडे सही दिली होती’ हे दुसरं नेहमीचं वाक्य. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. तलाठ्याकडच्या साध्या वर्दीवरच्या सहीने मालकी जात नाही, आणि ती गेली असं धरून पुढे झालेले व्यवहार दाव्यात हमखास उकरले जातात.

दुसरं काम: मिळकतींची यादी आणि कागद

जसं माणसांचं, तसंच मिळकतींचं. एकत्र कुटुंबाच्या सगळ्या मिळकती एकाच दाव्यात आणाव्या लागतात. ज्या जमिनीवर भांडण आहे तेवढीच लिहिली आणि आपल्या ताब्यातली विहिरीजवळची दीड एकर वगळली, तर समोरचे वकील पहिला आक्षेप तोच घेतील आणि तो रास्त असेल.

ज्या ज्या गावात जमीन आहे तिथला आठ-अ काढा, म्हणजे त्या खात्यावरचे सगळे गट एका कागदावर येतील. प्रत्येक गटाचा चालू सात-बारा ऑनलाइन मिळतो. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ, सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक. पण खरी गोष्ट जुन्या फेरफारांत, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदींत असते. सात-बाराच्या उताऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात. त्या प्रत्येक नंबराची नक्कल काढून तारखेप्रमाणे लावा. वडिलांच्या नावावर जमीन कशी आली, वारसाने की खरेदीने, हे तिथे कळतं. यावरूनच मिळकत वडिलोपार्जित की वडिलांची स्वकष्टार्जित, हा दाव्यातला सर्वांत मोठा प्रश्न उभा राहतो. स्वकष्टार्जित असेल तर वडिलांना मृत्युपत्र करून ती कोणालाही देता आली असती, आणि थोरल्याच्या कपाटातून तसं मृत्युपत्र निघण्याची शक्यता मनात धरूनच पुढे जावं. जिथे एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले. १९५० च्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आजच्या कुठल्या गटात बसतो हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा नसेल, तर कोर्टात दोन कागद एकमेकांशी जुळतच नाहीत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फेरफार नोंद म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलाची नोंद आहे. भावाचं एकट्याचं नाव लागलं म्हणून तुमचा हिस्सा गेला नाही, आणि तुमचं नाव लागलं म्हणून हिस्सा सिद्धही झाला नाही.

कुठे जायचं

इथे गुंता सुरू होतो, कारण जमिनीच्या एकाच भांडणाला तीन-चार दारं आहेत. हिस्सा ठरवणं, म्हणजे मालकीचा निर्णय, दिवाणी न्यायालयाचं काम. फेरफार नोंद चुकीची झाली, ही तक्रार महसूल खात्यात: आधी मंडल अधिकारी किंवा तहसीलदार, मग प्रांतांकडे अपील. शेतातला वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे, आणि तेही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावर मारामारी झाली तर पोलीस ठाणं.

रागाच्या भरात माणसं ही सगळी दारं एकदम ठोठावतात. मग प्रांतांपुढे केलेल्या अर्जात ‘आमची १९९५ साली तोंडी वाटणी झाली’ असं एका वकिलांनी लिहिलेलं असतं आणि दिवाणी दाव्यात ‘वाटणी कधीच झाली नाही’ असं दुसऱ्या वकिलांनी. उलटतपासणीत ते दोन कागद समोरासमोर ठेवले जातात. एकाच वेळी दोन ठिकाणी लढायचं असेल तर दोन्हीकडचा प्रत्येक अर्ज दोन्ही वकिलांनी वाचलेला असू द्या.

कुळाचा मुद्दा निघाला तर फाटा फार लांबवर जातो. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा कूळ कायदा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा, विदर्भात १९५८ चा. एखादी व्यक्ती कूळ आहे की नाही हे दिवाणी न्यायालय ठरवू शकत नाही. तो मुद्दा तहसीलदारांकडे पाठवावा लागतो, त्यावर अपील होतं, ते महसूल न्यायाधिकरणापर्यंत जातं, आणि तोवर मूळ दावा जागच्या जागी थांबतो. सात-बाराच्या इतर हक्कात कुळाचं नाव दिसत असेल तर त्याचा निकाल आधी वकिलांशी बोलून लावा.

गोव्यातल्या वाचकांसाठी एवढंच: तिथे वारसा आणि वाटपाचा मार्ग निराळा आहे. २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याखाली इन्व्हेंटरी प्रोसीडिंग, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून वाटप करण्याचं कामकाज चालतं, त्यामुळे खालचे टप्पे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

दावा दाखल होतो

दाखल करण्याआधी नोटीस पाठवायची पद्धत आहे. सरकार पक्षकार असेल तर दोन महिन्यांची नोटीस कायद्यानेच लागते. नोटीस पोचली की हुशार प्रतिवादी कॅव्हेट लावतो, म्हणजे त्याला कळवल्याशिवाय कोर्टाने एकतर्फी मनाई देऊ नये. कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं.

दावा मिळकतीच्या हद्दीतल्या दिवाणी न्यायालयात, मूल्यांकनाप्रमाणे कनिष्ठ स्तर किंवा वरिष्ठ स्तराकडे जातो. नंबर पडला की कनिष्ठ स्तराकडचा दावा रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) म्हणून ओळखला जातो आणि त्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. हा क्रमांक त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाका. ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्यावरून पुढची तारीख, टप्पा आणि बरेचसे हुकूम घरी बसून दिसतात.

वादपत्राच्या प्रत्येक पानावर तुमची सही असते, आणि शेवटी मजकूर आपल्या माहितीप्रमाणे खरा असल्याचं तुम्ही सत्यापन करता. वाचल्याशिवाय सही करू नका. विशेषतः दाव्याचं कारण कधी घडलं तो परिच्छेद आणि मिळकतीच्या चतुःसीमांचं परिशिष्ट स्वतः तपासा. गट नंबर १२४ चा १४२ झाला तर त्या आकड्यासाठी पुढे सुधारणेचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, युक्तिवाद आणि हुकूम, एवढं सगळं करावं लागतं. पुरावा सुरू झाल्यावर तर योग्य काळजी घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, असं कोर्टाला पटवावं लागतं.

वकिलांची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. ही सोय हक्काची आहे, कोणाच्या मेहेरबानीची नाही, आणि विधवा वहिनींना आणि बहिणींना ती कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

समन्स

वाटणीच्या दाव्यात दहा-बारा प्रतिवादी सहज असतात आणि सगळ्यांना समन्स लागेपर्यंत गाडी पुढे सरकत नाही. ॲपवर टप्पा ‘अनरेडी’ दिसत राहतो. रोजनाम्यात साधारण अशी नोंद असते: ‘वादी व वकील हजर. प्र. १ ते ३ वकिलांमार्फत हजर. प्र. ४ चे समन्स न बजावता परत. प्र. ६ चा अहवाल नाही. वादीने तजवीज करावी.’ यातलं शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे. प्रतिवादी चार म्हणजे बदलापूरला राहणारी बहीण असेल, तर तिचा खोलीसकट, विंगसकट पत्ता तुम्हालाच मिळवायचा आहे, नवा भत्ता (समन्स बजावणीचा खर्च) भरायचा आहे आणि बेलिफाला लागेल ती माहिती द्यायची आहे. पत्ता मिळतच नसेल तर दारावर चिकटवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊन बजावणी करता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. तजवीज केलीच नाही तर दावा काढून टाकला जाऊ शकतो.

समन्स तुम्हाला आलं असेल तर ते नाकारू नका. नाकारलेलं समन्स बजावलं गेलं असंच कोर्ट धरू शकतं, आणि मग एकतर्फी हुकूम होतो. तो रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा खर्च.

निशाणी पाच

दाव्यातल्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक मिळतो. वादपत्र निशाणी एक, आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज महाराष्ट्रात इतका ठरून निशाणी पाच असतो की वकील त्याला नुसतं ‘एक्झिबिट पाच’ म्हणतात. भाऊ जमीन विकायला निघाला असेल तर त्याला रोखायचा हा अर्ज. कोर्ट तीन गोष्टी पाहतं: सकृद्दर्शनी तुमची बाजू आहे का, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने कोणाची गैरसोय जास्त, आणि नंतर भरून न येणारं नुकसान होणार आहे का.

मूळ दाव्याच्या बुंध्यातून फुटणारी ही सर्वांत दणकट फांदी. निशाणी पाचवर जो हरतो तो जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील करतो, तिथे हरलेला उच्च न्यायालयात रिट करतो. कधी वरच्या कोर्टाने मूळ कागदपत्रं मागवलेली असतात आणि फाइलच तालुक्याला नसते. तोवर मुख्य दाव्यात कोणी साक्षीदाराचा एक शब्दही नोंदवलेला नसतो. विक्रीची खरी भीती असेल तर निशाणी पाच जरूर लढा. पण भाऊ नुसता कसतो आहे, विकायचा इरादा नाही, अशा वेळी ‘जमीन हस्तांतरित करणार नाही’ अशी पुरशिस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) त्याच्याकडून घेऊन अर्ज मिटवणं आणि थेट पुराव्याकडे जाणं मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

कैफियत आणि मुद्दे

प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची, कोर्टाने मुदत वाढवली तर नव्वद दिवसांपर्यंत. त्यापुढेही सबळ कारण आणि खर्च देऊन परवानगी मिळते, पण तोवर ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा, हुकूम झालेला असतो आणि तो उठवायला पुन्हा अर्ज. कैफियतीत मोघम नकार देऊ नका. वादपत्रातल्या ज्या विधानाला नेमका नकार नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. यानंतर न्यायाधीश मुद्दे काढतात: मिळकत एकत्र कुटुंबाची आहे का, आधी वाटणी झाली होती का, मृत्युपत्र सिद्ध होतं का, वादीचा हिस्सा किती. पुढचा सगळा पुरावा या मुद्द्यांभोवती फिरतो. त्यांची नक्कल घरी ठेवा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे आपल्याकडचा कागद कोणता, साक्षीदार कोण, ते लिहून काढा.

पुरावा

सरतपासणी आता तोंडी होत नाही, शपथपत्रावर होते. ते वकील तयार करतात, तुम्ही सही करता, आणि तुम्ही पिंजऱ्यात उभं राहता ते थेट उलटतपासणीसाठी. इथे दावे जिंकले आणि हरले जातात.

समोरचे वकील विचारतील त्यात दोन प्रकार असतात. एक साधा प्रश्न: ‘तुमचे वडील केव्हा वारले?’ दुसरी सूचना: ‘१९९५ साली तुमच्यात वाटणी झाली, हे म्हणणं खरं आहे का?’ तुम्ही नाही म्हणालात की जबानीत नोंद होते, ‘हे म्हणणे खरे नाही की, सन १९९५ मध्ये आमची वाटणी झाली.’ आता पुढची सूचना येते: ‘त्या वर्षापासून तुम्ही आणि भाऊ वेगवेगळी जमीन कसता, वेगळी चूल आहे.’ हे बहुतेक घरांत खरं असतं. सोयीसाठी वेगळं कसणं आणि कायदेशीर वाटणी यात फरक आहे, पण साक्षीदार घाबरून वेगळी चूलसुद्धा नाकारतो. मग शिधापत्रिका पुढे येते आणि त्याचं खरं बोलणंही खोटं दिसू लागतं. खरं ते खरं म्हणा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’, ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’. या दोहोंत फरक आहे. जबानी वाचून दाखवल्यावर नीट ऐका आणि टंकलेखनात चूक असेल तर सहीआधी तिथल्या तिथे सांगा.

तोंडी वाटणी ज्याला सिद्ध करायची आहे त्याला ती जड जाते. विनीता शर्मा निकालानंतर नुसत्या तोंडी पुराव्यावर भागत नाही, सरकारी कागदांचा आधार लागतो. मृत्युपत्र पुढे करणाऱ्याला त्यावर सही केलेल्या साक्षीदारांपैकी हयात असलेला एक तरी कोर्टात आणावा लागतो. झेरॉक्सवर विसंबू नका. नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकांकडे मिळते. व्हॉट्सॲपचे संदेश दाखवायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

अमेरिकेत किंवा आखातात राहणारी भावंडं बहुधा मुखत्यारपत्र पाठवून मोकळी होतात. मुखत्यार अर्ज देईल, तारखांना हजर राहील, पण तुमच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींची साक्ष तुमच्या वतीने देऊ शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २००४ सालीच स्पष्ट केलं आहे. तुमची साक्ष महत्त्वाची असेल तर सुट्टीचं गणित आधी वकिलांना सांगा, किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागा.

मधल्या काळात माणसं जातात, जमिनी विकल्या जातात

दावा चालू असताना पक्षकार वारला तर त्याचे वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात. ते चुकलं तर त्याच्यापुरता दावा रद्दबातल होतो. तो रद्दबातलपणा घालवायला आणखी साठ दिवस मिळतात. त्यानंतर विलंब माफीचा अर्ज, त्यावर म्हणणं, कधी त्यावरही साक्षीपुरावा. आईचं वय ऐंशी, काका पंचाऐंशीचे, अशा दाव्यात ही वेळ येणारच. भांडण असलं तरी समोरच्या घरातलं मर्तिक कानावर येतं. आलं की त्याच आठवड्यात वकिलांना फोन करा आणि वारसांची नावं, वयं, पत्ते द्या. आपला पक्षकार वारल्याचं कोर्टाला कळवणं त्याच्या वकिलाचंही कर्तव्य आहे, पण त्यावर विसंबू नका.

भावाने मध्येच जमीन विकली तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५२ मदतीला येतं. दावा प्रलंबित असताना घेणारा, दाव्याचा जो निकाल लागेल त्याला बांधील राहतो. तरी त्याला पक्षकार करून घ्या, नाहीतर शेवटी ताबा घ्यायच्या दिवशी तो आडवा येईल. दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवण्याबद्दलही वकिलांना विचारा.

तडजोड

तडजोड कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते, आणि लोकअदालतीत झाली तर त्या निवाड्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. पण घाईत केलेली तडजोड नवा दावा जन्माला घालते. तडजोड पुरशिशीवर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, कोणाला कुठला तुकडा ते चतुःसीमा आणि नकाशासह हवं, विहीर, बोअर, वीजजोड आणि वाट कोणाची ते स्पष्ट हवं. अल्पवयीन वारस असेल तर त्याच्या वतीने तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते. ती घेतली नाही तर तो सज्ञान झाल्यावर सगळं उलटवू शकतो.

हुकूमनामा, अपील, आणि पुन्हा हुकूमनामा

निकाल लागला, तुमचा एक षष्ठांश हिस्सा ठरला, पेढे वाटले. हा प्राथमिक हुकूमनामा. यात हिस्सा किती ते आहे, कुठला ते नाही. हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही आणि मग दोन वर्षांनी तो ‘केस जिंकलो पण जमीन मिळाली नाही’ म्हणत फिरतो.

प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत, थेट उच्च न्यायालयात जाणारं असेल तर नव्वद दिवसांत. नकलेसाठी लागलेला काळ वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्या. आक्षेप असेल तर अपील याच वेळी करायचं. प्राथमिक हुकूमनामा तसाच सोडला तर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात त्याबद्दल बोलता येत नाही. दुसरं अपील उच्च न्यायालयात, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकारांना त्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येतं. समोरच्याने अपील केलं म्हणून हुकूमाची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. त्यासाठी वेगळा स्थगितीचा हुकूम लागतो. ‘अपील केलंय, आता काही करता येणार नाही’ असं कोणी सांगितलं तर स्थगितीचा कागद दाखवा म्हणावं.

प्रत्यक्ष वाटप मिळकतीप्रमाणे दोन वाटांनी होतं. घर, गावठाणातली जागा यांच्यासाठी कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन वाटपाचा अहवाल देतो, त्यावर हरकती होतात आणि अंतिम हुकूमनामा होतो. तो मुद्रांकावर उतरवून घ्यावा लागतो. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून तहसीलदार, मग भूमी अभिलेखची मोजणी, वाटप तक्ता, हरकती. तुकडेबंदी कायद्यामुळे फार लहान तुकडे पाडता येत नाहीत, तोही विचार इथेच होतो. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर अंतिम कामकाज कोर्टाने आपणहून पुढे चालवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. तरी तुमचे कागद कुठल्या टेबलावर आहेत याचा पाठपुरावा तुम्हीच करा: कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांना गेलेल्या पत्राचा जावक क्रमांक, तिथला आवक क्रमांक, तहसीलला पाठवल्याची तारीख, मोजणीचा रजिस्टर नंबर. हे चार आकडे हातात असले की ‘कागद आलेच नाहीत’ हे उत्तर मिळत नाही.

समोरचा तरीही ताबा सोडत नसेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. त्याला बारा वर्षांची मुदत आहे, पण थांबू नका. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश आहे. पहिल्याच तारखेला वकिलांना तो कोर्टापुढे ठेवायला सांगा.

ताबा मिळण्याच्या दिवशी मोजणीच्या खुणा तुमच्यासमोर रोवून घ्या, ताबा पावती आणि पंचनाम्यावर पंचांच्या सह्या झाल्याचं पाहा, आणि नकाशाची प्रमाणित प्रत मागा. मग वाटपाच्या आदेशाची प्रत गावच्या तलाठी कार्यालयात देऊन पोच घ्या. फेरफार मंजूर झाला की नवा सात-बारा काढून क्षेत्र, आकार आणि नावाचं स्पेलिंग वाटप तक्त्याशी ओळीने ताडून पाहा.